साडेनऊ पट

सिरक्का बाल्कनीचं दार उघडते
आणि उणे सव्वीस आत येऊन बसतं
बिनबोलावलेल्या व्याह्यासारखं.
"टोपी घाल," एवढंच म्हणते मला.
इस्त्रीच्या फळीवर उघडावाघडा मदरबोर्ड,
ना डबा, ना झाकण.

पंचवीस वर्षांचा ड्युरॉन, सहाशे मेगाहर्ट्झचा.
कुणीतरी कचऱ्याच्या खोलीत ठेवला होता,
वर चिठ्ठी: चालतो, पण हळू.
ती चिठ्ठी तिने फ्रिजवर चिकटवलीय.
स्वतःला कुणी बोललं असावं तशी
येता-जाता तिच्याकडे बघते.

टम्म फुगलेले कपॅसिटर कालच बदलून झाले,
स्वयंपाकघराला अजून डागकामाचा वास.
आज पेन्सिल.
चार-बी, मऊ, बोटभर उरलेली,
गिरणीच्या नोंदवहीबरोबर घरी आलेली.
चिपच्या पाठीवर सोनेरी ठिपके, जोडीजोडीने,
मधे केसाएवढी फट,
कारखान्याने मुद्दाम तोडलेली वाट.
ती श्वास धरते. भिंग. रेघ.
चार रेघा, एकही दुसरीला शिवलेली नाही.
मी टॉर्च धरलाय
आणि माझाच हात थरथरतोय.

एकतीस वर्षं ती दोन नंबरच्या यंत्रावर होती.
कागद मिनिटाला हजार मीटर धावायचा,
वरून फोन यायचा, अकराशे करा.
ती करायची, पाच-पाचने,
कान रुळाकडे, जीभ दातांखाली.
फाटण्याआधी कागद एक आवाज करतो म्हणते,
शिवण उसवल्यासारखा.
फोनवाल्यांना तो कधी ऐकूच आला नाही.
गिरणी बंद झाली तेव्हा यंत्र उत्तम चालत होतं.
हे ती दोनदा सांगते.

त्याच शेडमध्ये आता सर्व्हर आहेत,
रांगाच्या रांगा, नदीचं पाणी पिऊन थंड होणारे.
पेन्त्ती तिथे रात्री लादी पुसतो.
"तुझं हे अख्खं," तो म्हणाला होता,
"तिकडच्या एका दिव्याच्या लुकलुकण्याइतकंही नाही."
सिरक्काने त्याला कॉफी दिली.
बिस्किटांचा डबा काही उघडला नाही.

साडेसहा पट. सात. साडेसात.
दर पायरीला पायचे दहा लाख अंक,
आम्ही वाट बघतो, नाकातले केस गोठतात,
खाली कुणाचं तरी कुत्रं बर्फात एकदाच भुंकतं.
आठशे. नऊशे. व्होल्टेज जरासं वर, चिमूटभर.
साडेनऊशे.
ती हातमोजा काढून हीटसिंकला बोट लावते,
कपाळाला लावावं तसं.
"गार आहे. पण कुरकुरतोय."
मला काहीच ऐकू येत नाही.

दहा पट.

पडदा काळा.
पंखा फिरतोय, बाकी सगळं गप्प.
गेला, मी म्हणतो.
"गेला नाही," ती म्हणते, "नको म्हणाला."
नाण्याएवढी बॅटरी उपसते, वीसपर्यंत मोजते,
पुन्हा बसवते, साडेनऊवर आणून ठेवते.
तिथे तो रात्रभर चालतो,
कुणालाही नको असलेले अंक मोजत,
एकही न चुकता.

सकाळी त्याला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत आणायचा,
नाहीतर उबेत त्याला घाम फुटतो.
दोन तास पिशवी उघडायची नाही.
तेवढ्यात ती नोंदवही काढते,
गिरणीचीच, छापील रकान्यांची:
तारीख. पाळी. वेग. फाटण्याचं कारण.
पाळीपुढे लिहिते, माझी.
वेगापुढे, साडेनऊ पट.
शेवटच्या रकान्याशी थांबते,
मग लिहिते, फाटला नाही,
आणि पेन्सिल पुरत नाही म्हणून
"नाही"वरचा अनुस्वार नखाने टोचून काढते.
नवी पेन्सिल घेणार का, विचारलं
तर म्हणाली,
ही बोटात धरता येतेय तोवर नाही.